पिसावरचा मासा

आम्ही तिघं गाडीत बसलो की किस्सा होतोच. मासा मिळो न मिळो! आता इतके साठलेत, की घरी फोनवर सांगायला लागलो की बायको म्हणते, हा मागच्या वेळी सांगितलात. मी म्हणतो, तो दुसरा होता.

मी दाऊद. कंपनीची गाडी चालवतो. गाव दापोलीकडचं, शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांची मेहेरबानी. हसन आमच्या कॅम्पचा कुक, गुहागरकडचा. आणि देशपांडे साहेब, नाशिकचे इंजिनियर. जुम्म्याची नमाज झाली की आम्ही सौदीतल्या अभ्याच्या डोंगरातून खाली एका धरणावर जातो. भिंतीखाली सुटलेल्या पाण्याचा डोह झालाय, त्यात टिलापिया आहे.

मी आणि हसन गळाला हळद घालून मळलेल्या खबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, गोळा लावतो. साहेब पिसं लावतात. म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि लांब काठीने ती पाण्यावर नाचवायची. हे ते व्हिडिओ बघून शिकले. व्हिडिओतला मासा ट्राउट, थंड देशातला. आमच्या टिलापियाने तो व्हिडिओ बघितलेलाच नाही!

* * *

पहिल्याच शुक्रवारी साहेबांनी काठी मागे नेली, झटका दिला, आणि हसनची टोपी उडून थेट डोहात. गळ टोपीत पक्का रुतलेला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

हसन काठावर शांत बसलेला. म्हणाला, "साहेब, बोहनी झाली. ओढा हळूहळू, वजनदार आहे."

* * *

साहेबांचा एक नियम आहे. पिसावर आलेला मासा सोडून द्यायचा. फोटो काढायचा, पाण्यात ठेवायचा, बाय करायचं. खबूसवर आलेला मात्र खुशाल तळा, ते स्वतः दोन तुकडे जास्त घेतात.

हसनच्या डोक्यात हे शिरेना. त्याच्या सात पिढ्यांत कुणी मासा परत केलेला नाही. त्याने साहेबांना विचारलं, की लग्नाला जायचं, पंगतीत बसायचं, आणि ताट वाढल्यावर उठून घरी यायचं, असं का?

साहेब म्हणाले, "अरे, आधी लागू तर दे."

हे बाकी खरं होतं. तीन वर्षांत साहेबांच्या पिसावर एकही मासा आला नव्हता.

* * *

मी एकदा थाप मारली, की उंटाच्या केसांची माशी केली तर मासा वेडा होतो. साहेब शिकलेले, पण मासा म्हटलं की लहान मूल. नखं कापायची कात्री घेऊन रस्त्याकडेच्या उंटाच्या शेपटीपाशी गेले. तेवढ्यात उंटाचा मालक आला. म्हातारा, अंगाने आडवा. मी गाडीत पुढच्या सीटखाली.

साहेबांनी मोडक्या अरबीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी सांगितलं, मासे पकडायचेत. म्हाताऱ्याने उंटाकडे बघितलं, धरणाकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने मूठभर केस कापून दिले. तेव्हापासून दर शुक्रवारी आमची गाडी दिसली की पोटावर हात ठेवून हसतो आणि माशाची चौकशी करतो.

साहेब अजून म्हणतात, तो एकटा माणूस मला सीरियसली घेतो.

* * *

मग बांगडा. साहेब चहाला गेले तेव्हा मी हसनच्या आइस बॉक्समधला बांगडा त्यांच्या गळाला अडकवून पाण्यात सोडला. साहेब आले, दोरी ताणलेली, धावले. बांगडा वर आला. अंगाला अजून बर्फ!

साहेबांनी उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, हा तर समुद्रातला. एवढा डोंगर चढून आला कसा?

हसन म्हणाला, "राहायचा परवाना बघा साहेब, इकामा. जिद्दा बंदराचा असेल."

पुढचे दोन शुक्रवार साहेब माझ्या शेजारची सीट सोडून गाडीत मागे बसले.

* * *

यंदा साहेबांचा फायनल एक्झिट लागला. नाशिकला कायमचं जायचं. धरणावरचा तो शेवटचा शुक्रवार. साहेबांच्या पोरीचा व्हिडिओ कॉल आला. ती दर शुक्रवारी विचारायची, तसंच विचारलं, "बाबा, एनी फिश?" साहेब म्हणाले, आज नक्की. फोन घेऊन ते गाडीपाशी गेले, तिकडे रेंज बरी येते.

साहेब तिकडे नुसते हसत होते. आणि नेमका तेव्हाच माझ्या गळाला दीड वितीचा टिलापिया लागला. आयुष्यभर लोकांच्या खोड्या काढल्या, म्हटलं ही एक पुण्याची काढू. माझा गळ काढला, साहेबांच्या पिसाचा गळ त्याच्या ओठात अडकवला, आणि हळूच पाण्यात सोडला. हसनने सगळं बघितलं आणि तोंड फिरवलं.

साहेब आले. काठी वाकली. काय ते धावणं! बूट पाण्यात, चष्मा नाकाच्या टोकावर. मासा हातात आला तेव्हा डोळे भरले त्यांचे. मी फोटो काढायला मोबाइल धरला. हसनची कढई तापलेली, पण त्याने गॅस बारीक केला. आज सोडायचाच होता.

साहेब गळ काढायला वाकले. माशाचं तोंड उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. मग बोट घालून हळदीचा पिवळा गोळा बाहेर काढला. खबूसचा.

माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल खाली केला.

साहेबांनी मासा हसनच्या हातात दिला. म्हणाले, "हा तळ." पिसं सारखी केली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि परत पाण्यात उतरले.

"माझा यायचाय अजून."