टँकर सरेपर्यंत

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांची बांधकामं निघाली आणि नेमका दुष्काळ पडला. मी समोरच्याच कचेरीत कारकून होतो. ताज्या भिंतींवर पाणी मारणारी एक बाई रोज दिसायची. थेंब वाया जाऊ नये म्हणून ती ओला तळहात भिंतीवर फिरवत राहायची. दुपारच्या आतच टँकर सरायचा. मुकादम तिला घरी जा म्हणायचा, तरी ती लिंबाखाली बसून राही.

एकदा मी विचारलं, "घरी का जात नाही, बाई?"

"लवकर गेलं की पोरगी वळखती, काम कमी मिळालं म्हून. मंग भूक न्हाई म्हणती अन् अर्धीच भाकर खाती."

संध्याकाळी तिनं हातापायांना सिमेंटची धूळ चोळली आणि पाया खणून परतणाऱ्या बायांत मिसळून गेली.