पुढच्याचा पत्ता

परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये स्टोअरकीपर असलेल्या रखमाजीला मशिनींनी तिशीतच बहिरं केलं. म्हणून गावात घरोघर फोन आले तरी त्याने घेतला नाही. त्याला गरजही नव्हती. त्याच्याकडे पाकीट होतं.

एक्क्याऐंशी साली एकत्र दहावी झालेल्या नऊ जणांनी ते सुरू केलं होतं. पोस्टाने पाकीट आलं की सगळ्यांचे कागद वाचायचे, आपला जुना काढून घ्यायचा, नवा घालायचा आणि पुढे पाठवायचं. पत्ता फक्त पुढच्याचा सांभाळायचा. रखमाजीच्या पुढे शहागडची बेबीनंदा, तिच्या पुढे जाफराबादचा एस.टी. कंडक्टर कडूबा, असं करत शेवटी पुण्याचा वसंता, आणि त्याच्याकडून पुन्हा रखमाजी. एका फेऱ्याला चार महिने लागत. यात मुख्य असा कुणी नव्हता. त्र्याण्णव साली पाकीट पोस्टात गहाळ झालं, तेव्हा रखमाजीने आपला एकटाच कागद घालून नवं रवाना केलं. ते परत आलं, तेव्हा त्यात नऊ कागद होते.

"पाकीट आलं की तुमाला भूक बी लागत न्हाई," बायको द्वारकाबाई म्हणायची.

दोन हजार पाच साली कडूबाच्या मुलीच्या लग्नाला सगळे जाफराबादला जमले. तिथे वसंताने जाहीर केलं, एका मोठ्या कंपनीच्या साइटवर आपल्या नऊ जणांचं पान काढलंय. बिलकुल फुकट. लिहिलं की त्याच मिनिटाला सगळ्यांना दिसतं.

रखमाजीशी सगळे त्याच्या खिशातल्या वहीत लिहून बोलत. वसंताने हे सगळं लिहून दाखवलं.

"मालक कोण त्याचा?" रखमाजीने विचारलं.

'एवढी मोठी कंपनी. ती काय बुडते का?' वसंताने लिहिलं.

"कंपनी न्हाई बुडायची. पण पान तिचं हाय ना."

"याला पोस्टमन कमिशन देतो!" कडूबा ओरडला. तेवढं मात्र रखमाजीला बरोबर ऐकू आलं. सगळ्यांबरोबर तोही हसला.

पाकीट त्याच वर्षी थांबलं. रखमाजीही बुधवारी आणि शनिवारी नेट कॅफेत जाऊन लिहू लागला, आणि खरं म्हणजे त्याला ते आवडलंही. कुणी घर बदललं की नवा पत्ता पानावर टाकायचा. वेगळा लिहून ठेवायचं कुणालाच कारण उरलं नाही.

चार वर्षांनी एका शनिवारी पान उघडलंच नाही. इंग्रजीत दोन ओळी होत्या. ही सेवा बंद करण्यात आली आहे.

रखमाजीने पुन्हा पाकीट केलं. त्यात आपला चार पानी कागद लिहून घातला आणि पोस्टावर न सोपवता तो स्वतःच शहागडला गेला. बेबीनंदाचं हॉटेल हायवेलाच होतं. ट्रकांच्या आवाजात ती त्याच्या कानाशी ओरडली, "इकडं काय करून राह्यला रे, बहिरोबा?"

"पाकीट आणलंय. तुझा कागद घाल अन् कडूबाला धाड."

"तो तर पोराकडं गेला, नाशकाला का कुठं. पत्ता त्या पानावरच होता की!" तिने मोबाइलवरून वसंताला विचारलं आणि पुन्हा कानाशी आली. "त्याच्याकडं बी न्हाई. नवी साइट निघाली म्हणतो, तिथं ये. तिघं आलेत."

"मंग ती कोणाची हाय?"

"ते कोण इचारतं?" तिने हात उडवले. "खरं सांगू का, आता लिहायची सवयच गेली रे."

तरी पाकीट तिने घेतलं, पदराने पुसलं आणि बिस्किटांच्या बरण्यांमागे ठेवलं.

पाचव्या महिन्यात पोस्टमनने ते रखमाजीच्या हातात दिलं. वर बेबीनंदाचं अक्षर होतं. द्वारकाबाईने आणलेला चहा तसाच राहिला. आत एकच कागद निघाला, त्याचा स्वतःचा. घड्या उलट्या घातल्या होत्या, म्हणजे तिने वाचला होता. पुढचा पत्ता नव्हता, म्हणून तिला ठाऊक होता तोच तिने घातला होता.

रखमाजीने नियमाप्रमाणे जुना कागद काढून घेतला, नवा लिहून घातला आणि पाकिटावर बेबीनंदाचा पत्ता लिहिला. तिच्याकडून ते कुठे येणार, हे त्याला माहीत होतं.