बोटांमधली फट

वाढपी मामांना 'नको' हा शब्द ऐकू येत नसे. कान तसे तिखट होते. चार ताटं पलीकडे कुणी हळूच 'मीठ' म्हटलं तरी ते मीठ घेऊन हजर व्हायचे. पण 'नको', 'पुरे', 'आता पोट फुटेल' हे शब्द त्यांच्या कानावरून वाऱ्यासारखे निघून जात. हदगावजवळच्या आमच्या आजोळी पंगत बसली, की शर्टाच्या बाह्या दुमडून आणि बुंदीची बादली डाव्या हाताला अडकवून मामा उतरायचे, आणि चांगली दणकट माणसं ताटाशी सावध होऊन बसायची.

ते माझे सख्खे मामा. घरी चार एकर कापूस आणि सोयाबीन. पण गावात त्यांना शेतकरी म्हणून किंवा नावानं कुणी ओळखत नसे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, ज्याच्या घरी पंगत त्याच्या घरी मामा, बोलावणं असो वा नसो. त्यांचा पहिला वार ठरलेला होता. "जेवून राह्यलास का ताट राखून राह्यलास?" माणूस यातून वाचला तर दुसरा, "माझ्या हातचं एक." आणि तिसरा, ज्यापुढं भलेभले शरण येत, "पोरीच्या बापानं काय वाईट केलं रे तुझं?" काही हुशार लोक ताटात एक लाडू तसाच ठेवून 'हा काय, आहे की' असं दाखवायचे. मामा बादली खाली ठेवून त्यांच्या शेजारी मांडी घालून बसत आणि तो लाडू संपेपर्यंत गावातल्या पावसापाण्याच्या गप्पा मारत.

या साऱ्यामागं त्यांचं एक शास्त्र होतं. लहानपणी मी त्यांच्यामागं मिठाची वाटी घेऊन फिरायची तेव्हा त्यांनी ते मला सांगितलं. "माणूस ताटावर हात आडवा धरतो न, तवा त्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई. बोटं बघायची. बोटात फट असली की वाढायचं. तोंड नको म्हणतं, बोटं हाव म्हणतेत." मी विचारलं, "आणि फट नसली तर?" "असा माणूस अजून पाह्यला न्हाई मी," ते म्हणाले.

पुढं मी आहारशास्त्र शिकले आणि लातुरात दवाखाना थाटला. लोकांना कमी खायला सांगून मी माझं पोट भरते. घरात सगळ्यांना कौतुक वाटलं, मामांना सोडून. "म्हंजी लोक तुझ्याकडं येतेत आन तू त्यांला उपाशी पाठवतीस?" त्यांनी विचारलं. भाचीनं घराण्याचं नाव घालवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मग एका लग्नात मामांनी मठ्ठ्याचा अख्खा तांब्या ताटाऐवजी नवरदेवाच्या चुलत्याच्या मांडीवर ओतला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो त्यांनी वर्षभर कुणाला कळू दिला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं तर रक्तात साखरही भरपूर निघाली. साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामांचा मुलगा बालाजी आधीच वैतागलेला होता. तो म्हणाला, "बाबा, पूजाच्या लग्नात बुफे ठेवायलोय. लोक आपल्या हातानं घेतील, तुम्ही खुर्चीवर बसा." पूजा ही मामांची एकुलती एक नात. तिच्या लग्नात खुर्चीवर बसायचं, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. दोन दिवस ते त्याच्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी बापलेकांत करार झाला: ऑपरेशन होऊन लग्नाच्या आत डोळे झाले, तर म्हाताऱ्या माणसांसाठी एक पंगत ठेवायची आणि ती मामांनी वाढायची. नाही झाले, तर खुर्ची.

त्याच दिवशी मामांचा मला फोन आला. "काय उपाशी ठिवायचं ते ठिव. मला डोळे पायजेत."

मी आहार सांगितला. दोन्ही वेळेला एक भाकरी, वाटीभर भाजी, काकडी, बिनसाखरेचा चहा. "भाकर?" मामा हसले. "भाकर तर आम्ही जन्मभर खाल्ली. तुमीच शिकलेल्यांनी आम्हाला पोळीवर आणलं, आन आता फी घेऊन परत भाकरीवर नेऊन राह्यलात."

महिना झाला तरी साखर होती तिथंच. मामी फोनवर शपथेवर सांगत होती, "एकच खातेत बाई. वर तुकडा न्हाई." शेवटी मी स्वतः आजोळी गेले आणि ती एक भाकरी पाहिली. ती तव्याच्या कडा झाकून वर उरली होती, आणि उलटताना मामीला दोन्ही हात लावावे लागत होते. मी मामांकडं पाहिलं. "तू आकडा सांगितला व्हतास," ते शांतपणे म्हणाले, "माप न्हाई."

मग मी त्यांना लातूरला घेऊन आले. माझ्या घरी, माझ्या हातची, माझ्या तळहाताएवढी भाकरी. मामा तक्रार न करता खात. सकाळी तासभर चालायचं सांगितलं होतं, तर ते दीड तास चालायला लागले. मी दवाखान्यात पेशंटला त्यांचं उदाहरण द्यायची. पुढची तपासणी झाली आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टर मामांकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढून लांबून त्यांच्या मागं गेले. मामा बागेकडं वळलेच नाहीत. ते तडक गेले क्लासवाल्यांच्या गल्लीत. गावोगावच्या आया तिथं खोल्या घेऊन राहतात, लेकरांच्या क्लाससाठी. आमच्या आजोळची चार घरं होती त्यांत. पहिलंच घर सुनंदाचं. दार उघडं होतं. मामांच्या पुढं सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची बशी, तिच्या शेजारी शिऱ्याची वाटी, आणि डोक्याशी पळी घेऊन उभी असलेली सुनंदा. "घ्या मामा, माझ्या हातचं एक," ती म्हणत होती. मामांनी वाटीवर हात आडवा धरला होता. "नको माय, नको, भाची मारील मला," असं तोंडानं चालू होतं. आणि बोटांत फट होती, पळी आरामात जाईल एवढी.

मला बघून सुनंदा अजिबात ओशाळली नाही. "ताई, माझ्या लग्नात ह्यांनी आमच्या मालकाला नऊ जिलब्या चारल्या. तवापासून जिलबी दिसली की ते उठून जातेत. आता कुठं मामा माझ्या हातात सापडलेत." बाकीच्या तीन घरांतही असेच जुने हिशेब चुकते होत होते.

मी मामांवर खूप चिडले. त्यांनी मान खाली घातली होती. "लोकाला जन्मभर नको म्हणू दिलं न्हाई मी," ते म्हणाले. "आता सोतावर आलं तर नको म्हणायचं? हे बेइमानी हाय, बाई."

"मामा, तुमची बोटं बघा," मी म्हटलं.

त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. त्यांना काही दिसेना. शेवटी दुसऱ्या हातानं चाचपलं, तेव्हा ती फट त्यांना सापडली. त्यांनी बोटं मिटून पुन्हा चाचपली. मग म्हणाले, "मायला, असल्याला तर मी दोन वाढले असते." सुनंदा खो खो हसली, मीही हसले, पण आतून मला फार वाईट वाटलं. अख्ख्या तालुक्याची बोटं वाचणाऱ्या माणसाला स्वतःचा हात दिसत नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या घरी तालीम सुरू झाली. मी आग्रह करायचा आणि मामांनी बोटं मिटून ठेवायची. पहिल्या दिवशी ते "माझ्या हातचं एक" यालाच पडले. वर मलाच शिकवू लागले. "आवाज वला कर जरा. ऑफिसात बोलल्यावानी म्हटल्यावर कोण खाईल?" मी आवाज ओला केला. पोरीचा बाप काढला, लेकराबाळांच्या शपथा घातल्या. आठवड्याभरानं एकदा मी भाताची पळी धरून म्हणाले, "मामा, हे आईनं वाढलं असतं, तर नको म्हणाला असता?" माझी आई म्हणजे त्यांची धाकटी बहीण, तिला जाऊन चार वर्षं झाली होती. मामांची बोटं मिटलेलीच राहिली. त्यांनी डोळे पुसले. "हा वार लई खालचा हाय," ते म्हणाले. "पर शिकलीस."

त्यानंतर ते गल्लीत जायचे, प्रत्येक घरी बसायचे, आणि पाणी पिऊन परत यायचे. सुनंदा माझ्याकडं तक्रार घेऊन आली, मामा पहिल्यासारखे राहिले नाहीत म्हणून. साखर हळूहळू उतरली आणि लग्नाच्या आधी दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर माझ्याकडं निरखून पाहून ते पहिलं वाक्य बोलले, "बाई, तू लई वाळलीस."

पूजाचं लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात झालं. पुढं बुफे होता. मागच्या हॉलमध्ये बालाजीनं शब्द पाळून दोन रांगांची पंगत मांडली होती. मामा बादली घेऊन उतरले आणि म्हातारी माणसं सवयीनं सावध झाली. पण त्या दिवशी मामा प्रत्येकाचा हात बघत होते आणि जिथं बोटं मिटलेली दिसली तिथून चक्क पुढं जात होते. दोघा-तिघांना हे फार लागलं. आपलं काही चुकलं का, असं ते एकमेकांना विचारत होते. मीही पंगतीत बसले होते. बुंदी ताजी होती, साजूक तुपातली. मामा आले तसा मी ताटावर हात आडवा धरला आणि लहानपणासारखी फट ठेवली. मामा वाकले, नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं, आणि बादली खाली ठेवून माझी बोटं आपल्या हातानं एकमेकांना चिकटवली. "बास, माय," ते म्हणाले. "उद्याबी जेवायचं हाय."

मामा त्यानंतर दोन वर्षं जगले आणि झोपेतच गेले. तेरवीच्या गोडजेवणाला बालाजीच वाढत होता. बुंदीची बादली माझ्यापर्यंत आली तेव्हा मी 'नको' म्हटलं, हात आडवा धरला आणि बोटांत चांगली मोठी फट ठेवून वाट पाहिली. "बरं ताई," बालाजी म्हणाला आणि पुढं गेला. बालाजीचे डोळे अगदी चांगले आहेत. त्याला चष्मासुद्धा नाही.