दुसऱ्या भागातला घोडा

किस्से काही ठरवून होत नसतात. हिंगोलीत मिलिंद सरांच्या क्लासमधी चार कॉम्प्युटर, त्यातला एकच धड चालायचा, आन् त्याच्यासमोर आमी तिघं: मी, कुरुंद्याचा संजू आन् तांड्यावरचा किसन. मग काय, साचत गेले.

सरांनी तलवारी-राक्षसांच्या गेमचा दुसरा भाग आणला, तव्हाची गोष्ट. किसनचा जीव मात्र टांगणीला. त्याच्या बानं बजावलं होतं, "खेळताना दिसला तर क्लास बंद. गुरं राखायची." तरी गडी खेळायचाच.

*

ग्राफिक्स म्हणजे स्वप्नच. गवत डुलायचं, झाडांत धुकं उतरायचं. पहिल्या भागात असलं काही नव्हतं. पण आमचा कॉम्प्युटर म्हातारा. राक्षसानं जबडा उघडला की संजू खाली जाऊन चहा पिऊन यायचा. आला तरी जबडा उघडाच.

*

स्टोरी पहिल्याचीच भारी. दुसऱ्यात गावातली माणसं, काहीबी विचारा, एकच वाक्य बोलायची. मी वैतागलो. संजू म्हणाला, "काहून चिडतो? आमचे सरपंच बी असंच बोलतात."

*

पण मोकळीक! पहिल्यात एकच रस्ता, दुसऱ्यात कुठंबी भटका. मी आठवडाभर एका टेकडीवर ढग पाहत बसलो.

सर म्हणाले, "अरे, राज्य बुडून राहिलं, आन् तू ढग पाहून राहिला?"

"सर, इथले ढग थांबतात तरी."

खरं सांगतो, तेवढं निवांत मला पुन्हा कुठं वाटलं न्हाई.

*

एका दुपारी किसनचे बा दारात उभे. किसन माऊस धरूनच बसलेला. स्क्रीनवर त्याचा घोडा डोंगर चढून राहिला होता. आमी मनात म्हणलं, संपला याचा क्लास.

बा जवळ आले. "कव्हापासून पळवून राहिला याला?"

"सकाळपासून."

"पाणी पाजलं?"

"बा, गेममधल्या घोड्याला पाणी लागत न्हाई."

"पळतं त्याला लागतं."

किसननं गुमान घोडा नदीत नेला. घोडा उभाच. मान खाली घालायचं गेम बनवणाऱ्यांनी त्याला शिकवलंच नव्हतं. बा खुर्चीवर टेकले आन् गुरं पाण्यावर आणल्यावर घालतात तशी हळू शीळ घालू लागले. स्क्रीनवर पाणी वाहत होतं. किती वेळ गेला, काय माहीत.

मग बा उठले. किसनबी दप्तर घेऊन उठला.

"तू बस," बा म्हणाले. "नवं पाणी हाय, बिचकलंय जनावर. उद्या परत आण. पाजल्याबिगर घरी येऊ नको."