विरघळणारे वाहक

निलेश उद्याचा डोस घेईल ना, ही काळजी सुनंदाबाईंची पाठ सोडत नव्हती.

निलेश त्यांचा मुलगा, वडगावहून सुटणाऱ्या एसटीवर बारा वर्षं वाहक. चढलेला प्रत्येक माणूस नीट उतरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मग कर्करोगाने त्याला घरी बसवलं. औषध पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरून देतात, हे बीएस्सी झालेल्या सुनंदाबाईंनीच त्याला सोपं करून सांगितलं होतं. "हे कण म्हणजे वाहकच रे. औषधाला गाठीपाशी उतरवतात."

"आणि मग डेपोत जातात?" तो हसला होता.

"नाही, विरघळून जातात."

त्याचं हसू तिथंच मावळलं. तेव्हापासून झोपेत त्याचा हात घंटीची दोरी ओढल्यासारखा हलतो. आज सकाळी तो म्हणाला, "आई, स्वप्नात गाडी रिकामी होते आणि मीच विरघळायला लागतो. मला नको ते इंजेक्शन."

विरघळतात म्हणजे नेमकं काय होतं, हे खरं तर सुनंदाबाईंनाही ठाऊक नव्हतं. तसं त्याच्यादेखत कबूल करून, त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावायचा, असं त्यांनी ठरवलं.