कठड्याचं भोक

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोकणातल्या एका समुद्रकाठच्या पायवाटेचे लोखंडी कठडे नागपूरच्या कारखान्यात बनत होते. त्यांवर जस्त चढवताना देखरेख करायला मला पाठवलं होतं. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो आणि मला सगळंच कळत होतं.

वितळलेल्या जस्ताच्या हौदापाशी एक कामगार उभा असायचा. अर्धा चेहरा दुपट्ट्यानं झाकलेला; मला वाटायचं, धुरासाठी असेल. पाइपांची चौकट हौदात सोडण्याआधी तो तिला पाडलेल्या एका भोकाला तोंड लावून फुंकायचा आणि दुसऱ्या भोकाशी तळहात धरायचा. मला हसू यायचं.

तिसऱ्या दिवशी त्याला भोक सापडेना.

"भोकं कोनं बुजवले?"

"मी. खारी हवा आत गेली तर पाइप आतून गंजेल," मी ऐटीत म्हणालो.

"साहेब, आत कोंडलेली हवा तापली का पाइप हौदातच फुटते. सारं जस्त अंगावर येते."

मी वाद घालणार, तोच त्यानं दुपट्टा सोडला. डोळ्यापासून हनुवटीपर्यंत कातडं ओघळून गोठलं होतं. कान नव्हताच.

"मांगच्या खेपेले बी एका साहेबानंच बुजवले होते," तो शांतपणे म्हणाला आणि दुपट्टा पुन्हा बांधू लागला. मी वाकून बुजवलेली भोकं मोकळी करू लागलो.

आजही त्या पायवाटेवर गेलो की माझी बोटं कठड्याच्या खालून फिरतात. भोक लागेपर्यंत मला समुद्र दिसत नाही.