खुरपून काढलेलं लॉन

सायकल गेटला टेकवून मी आत पाहिलं आणि क्षणभर वाटलं, बंगला चुकला. सकाळी नऊ वाजता इथे हिरवं लॉन होतं. आता संध्याकाळी पाचला पेरणीसाठी तयार केल्यासारखी काळी, भुसभुशीत जमीन होती. ढेकळंसुद्धा फोडलेली. कंपाउंडच्या भिंतीशी उपटलेल्या गवताचा कमरेएवढा ढीग. आणि त्या मोकळ्या जमिनीत, मुद्दाम राखलेली, तांदुळजा आणि घोळीची रोपं.

चार बाया नळावर खुरपी धूत होत्या. त्यांची मुकादम गयाबाई मला बघून हसली.

"झालं बगा सायेब. एक काडी ठिवली न्हाई."

"गयाबाई, हे काय केलं?"

"तण काढलं की. तुमीच म्हनले ना, समदं तण काढा म्हनून."

"अहो, पण ही हरळी! हीच तर ठेवायची होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "ऐका वं, हरळी ठिवायची होती म्हनं!"

चौघी पोट धरून हसल्या. मला हसू येईना.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी नुकताच परभणीहून बी.एस्सी. ॲग्री पास होऊन जालन्याला आलो होतो. आमचं गाव जाफराबादच्या बाजूला. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे नोकरीबद्दल मला जरा जास्तच धास्ती असायची. रफिकभाईंच्या नर्सरीत मी तीन महिन्यांच्या ट्रायलवर सुपरवायझर होतो. ते रोपं विकायचे आणि बंगल्यांच्या बागांची वर्षभराची कामं घ्यायचे. देशमुख साहेबांचा बंगला ही एकट्याने सांभाळायला मिळालेली माझी पहिली साइट.

साहेब एका बियाणे कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांचे वडील, आबा, आष्टीकडचे जुने शेतकरी. आबांचं सहस्रचंद्रदर्शन पाच आठवड्यांवर आलेलं. कार्यक्रम लॉनवरच करायचा होता, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. फक्त लॉनमध्ये तण माजलं होतं.

आपल्याकडचं साधं लॉन म्हणजे हरळीच. त्यात दोन तऱ्हेचं तण येतं. एक रुंद पानांचं, तांदुळजासारखं. ते उपटलं की संपतं. दुसरा लव्हाळा. तो दिसतो गवतासारखा, पण जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. वरून ओढला तर पान हातात येतं, गाठ खालीच राहते आणि आठवड्यात पुन्हा उगवते. रुंद पानांच्या तणावर फवारायचं औषध मिळतं. पण त्याचे बारीक थेंब वाऱ्याने उडून शेजारच्या गुलाबावर किंवा टमाट्यावर गेले तर पानं मुरडतात. साहेबांच्या लॉनला लागूनच भाजीचे वाफे होते. म्हणून हाताने खुरपायचं ठरलं. रफिकभाईंनी कपाशीत खुरपणाऱ्या बाया आणून दिल्या.

मी त्यांना गेटजवळ उभं राहून सांगितलं, "समदं तण काढा," आणि दुसऱ्या साइटवर निघून गेलो. एवढंच माझं सुपरव्हिजन.

ज्या बाईने जन्मभर कपाशी खुरपली तिच्यासाठी हरळी हा पहिला दुश्मन. तांदुळजा आणि घोळ ही रात्रीची भाजी. त्यांच्या हिशेबाने काम बिनचूक झालं होतं. आणि हे मला कळायला हवं होतं. माझे वडील भर वैशाखात कुदळीने हरळी खणायचे, मी टोपलीने ती बांधावर नेऊन टाकायचो. चार वर्षं कॉलेजात तिला शास्त्रीय नावाने सायनोडॉन म्हणता म्हणता मी ते विसरलो होतो की काय, कोण जाणे.

एवढ्यात व्हरांड्यातून आबांचा आवाज आला. ते दिवसभर तिथेच खुर्चीवर बसलेले.

"पोरा, बाया लई हुशार हायेत. त्या कोपऱ्यात जराशी हरळी राहिली व्हती, ती म्या दाखवली. म्हनलं, मुळासकट काढा."

मी साहेबांच्या फोनवरून रफिकभाईंना बोलावलं. ते स्कूटरवर आले, गेटमधून आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"या अल्ला. तू दाखवलं नव्हतं का त्यांना?"

"सांगितलं होतं भाई. दाखवलं नव्हतं."

"बराबर. मंग आता साहेबाला तूच सांग. मी बाजूला उभा राहतो."

साहेबांची गाडी आलीच. बायांना समजलं नाही, असं म्हणणं सोपं होतं, ते माझ्या मनातही आलं. पण गयाबाई समोरच उभी होती. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे."

"कुणाची ते नंतर बघू. पाच आठवड्यांनी इथं दीडशे माणसं येणारेत. माझं लॉन कुठाय?"

गयाबाईच मधे बोलली. "सायेब, हरळी मरती व्हय कुठं? आमी बांधावर फेकली तं बांधावर फुटती. काडीला पेर असलं की झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गवताचे तुकडे करून शेणमातीत कालवून जमिनीवर लिंपायची एक पद्धत आम्हाला प्रॅक्टिकलला शिकवली होती. मी ढिगाकडे बोट दाखवलं. "साहेब, लॉन तिथं आहे. परत लावता येईल."

साहेबांनी ढिगातली एक काडी उचलून पाहिली. "पंधरा दिवस देतो. तोवर हिरवं दिसलं नाही, तर दुसऱ्या माणसाकडून तयार गवत अंथरून घेईन. आणि रफिकभाई, मग वर्षाचं कामही त्यालाच."

गेटबाहेर रफिकभाई मला म्हणाले, "तुझेपण पंधराच दिवस समज."

ढिगाचा वरचा थर उन्हाने वाळला होता, पण आतलं गवत ओलं होतं. आम्ही त्यावर पाणी मारून ओली पोती झाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडायला बसलो. कारण ढिगात लव्हाळाही होता. तो राहिला असता तर आम्ही आमच्याच हाताने तण पेरलं असतं. लव्हाळा ओळखायची खूण सोपी आहे. काडी बोटांत धरून फिरवायची. लव्हाळ्याची तिधारी, हरळीची गोल. मी हे गयाबाईला समजावू लागलो तर ती म्हणाली, "सायेब, ते म्हाईत हाय. आज काय ठिवायचं आन् काय फेकायचं, तेवढं बोला."

मी एक काडी या हातात, एक त्या हातात धरून दाखवली. आबा खुर्ची ओढत ढिगापाशी आले आणि निवडू लागले. "सत्तर वर्सं हिला उपटू राह्यलो," ते म्हणाले, "आन् आता माझ्याच कार्यक्रमाला हिला लावू राह्यलो." राखलेला तांदुळजा आणि घोळ आता काढावीच लागणार होती. आबांनी त्यांची दुपारी भाजी करायला सांगितली.

मग हरळीचे दोन बोटं लांबीचे तुकडे केले, प्रत्येकात निदान एक पेर येईल असे. ताजं शेण, माती आणि पाणी घालून सगळं कालवलं. "हे बोटभर जाडीनं पसरायचं," मी म्हणालो. "याला टर्फ प्लास्टरिंग म्हणतात."

"म्हंजी सारवायचं!" गयाबाई पदर खोचत म्हणाली. "मंग आधी कामून न्हाई सांगितलं? सरका तुमी."

दुपारपर्यंत चौघींनी साहेबांचं लॉन सारवून टाकलं. इतकं एकसारखं, की त्यावर रांगोळी काढावीशी वाटली. वास मात्र सगळ्या कॉलनीत गेला. शेजारच्या बंगल्यातून विचारणा झाली, म्हैस पाळली का म्हणून. साहेब तीन दिवस नाकाला रुमाल लावून गाडीत बसत होते.

पाइपने पाणी दिलं तर लेप वाहून जातो. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालायचो. चौथा दिवस गेला, सहावा गेला. वर नुसतं शेण. आठव्या दिवशी मी लेपाचं एक ढेकूळ उचलून पाहिलं. एका पेराला पांढरं मूळ फुटलं होतं. पण एकालाच. हे साहेबांना सांगावं की नाही, मला ठरवता येईना. मी नाही सांगितलं.

दहाव्या दिवशी गेट उघडतोय तोच आबा व्हरांड्यातून ओरडले, "फुटली रे! फुटली!" टाचणीच्या टोकासारखे हिरवे ठिपके जागोजागी वर आले होते. पंधराव्या दिवशी साहेब कठड्याशी उभे राहिले. तिरपं पाहिलं की हिरवं दिसायचं, सरळ पाहिलं की काळं. ते तिरपंच बघत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. चालू द्या."

कार्यक्रमाच्या दिवशी लॉन चांगलं दाट झालं होतं. नळाजवळ लेप जाड बसल्याने पलंगाएवढा तुकडा उगवलाच नाही. तिथे आम्ही कुंड्या मांडल्या. लव्हाळाही दहा-बारा ठिकाणी उगवला, तो गयाबाईने कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गाठीसकट काढला. आबा सगळ्या पाहुण्यांना, ते विचारोत न विचारोत, लॉनची हकिकत सांगत होते.

वर्षाचं काम आमच्याकडेच राहिलं. साहेबांनी अट एकच घातली, खुरपायला गयाबाईचीच टोळी पाहिजे. रफिकभाईंनी माझी ट्रायल संपवून मला कायम केलं. शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ येऊन म्हणाले, आमचंही लॉन असंच उपटून लावून द्या. रफिकभाईंनी अजिबात न हसता सांगितलं, "बिलकुल. नई पद्धत आहे."

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मी बायांबरोबर खाली बसतो. काढायचं ते एका हातात देतो, ठेवायचं ते दुसऱ्या हातात देतो आणि त्यांच्या तोंडून परत ऐकतो. पाच मिनिटं लागतात. जिथे नको तिथे उगवलेलं झाड म्हणजे तण, ही व्याख्या मी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. कुणाला नको, हे त्या प्रश्नात विचारलेलं नव्हतं.